चीज दाबायचे यंत्र घेण्याआधी

पनीर घरी जमू लागले की काही महिन्यांतच घरात एक नवा विषय निघतो. सून म्हणते, परदेशातून एखादे दाबयंत्र मागवूया. पनीर घट्ट होईल आणि पुढेमागे चीजही करता येईल. सासूबाई रोस-कारीकडे बोट दाखवतात आणि विचारतात, हा आपला बाबा काय वाईट आहे? ज्या वरवंट्याने मसाला वाटला तोच पनीरवर ठेवला की झाले. वाचकहो, दोघींचेही म्हणणे अर्धे अर्धे बरोबर आहे. कोणाचे कधी बरोबर, हे मात्र साच्याची रुंदी आणि घरातले दूध पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

यंत्र स्वस्त नसते. त्यात लोखंड-पोलाद असल्यामुळे वाहतुकीचे भाडे चढते, वर कर द्यावा लागतो. ज्या घराला पाच लिटर ताजे दूध हवे असेल तर गाय पाळणाऱ्याला दोन दिवस आधी सांगून ठेवावे लागते, त्या घराने एवढा खर्च करावा की नाही, हे जरा हिशेबाने पाहिले पाहिजे.

तसे पाहिले तर दाबणे आपल्याला नवे नाही. श्रीखंडासाठी चक्का करताना दही फडक्यात बांधून रात्रभर टांगतात आणि घाई असेल तर पुरचुंडीवर पाट ठेवून वर वजन देतात. पण चक्क्यातून फक्त पाणी काढायचे असते. पनीर आणि चीज दाबताना दुसरे एक काम साधायचे असते. फाटलेल्या दुधाच्या चोथ्याचे कण एकमेकांना चिकटून एकजीव व्हावे लागतात, आणि बाहेरची बाजू सलग, बिनभेगांची व्हावी लागते. रश्श्यात टाकल्याबरोबर पनीरचा भुगा झाला, किंवा चीजच्या फटीत आठ दिवसांत हिरवी बुरशी शिरली, तर हे दुसरे काम अपुरे राहिले असे समजावे.

आणि या कामाला दाबाइतकीच ऊब लागते. चोथा गार झाला की कण कडक होतात. मग त्यावर कितीही वजन ठेवा, फट ती फटच राहते. म्हणून साचा, फडके, दट्ट्या आणि वजन हे सारे दूध चुलीवर चढवण्याआधी ओट्यावर मांडून ठेवावे. पुष्कळांचे पनीर यंत्र नसल्यामुळे बिघडत नाही. फडके शोधण्यात जी पाच-सात मिनिटे जातात, त्यात ते बिघडते.

वजन किती, हा अर्धाच प्रश्न

कृतीत लिहिलेले असते, ‘तीन किलो वजन ठेवा’ किंवा ‘पन्नास पौंडांचा दाब द्या’. साचा किती रुंद आहे हे मात्र बहुधा लिहिलेले नसते, आणि त्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. उंच टाचेची चप्पल घालून कोणी पायावर पाय दिला आणि सपाट चपलेने दिला, तर माणूस तेच, वजन तेच. पण फरक पायाला समजतो. चोथ्यालाही तसाच समजतो. वजनाला साच्याच्या क्षेत्रफळाने भागले की खरा दाब कळतो.

एक उदाहरण घेऊ. भारतातल्या दुग्धशास्त्राच्या पुस्तकांत पनीरची जी कृती असते, तीत ३५ बाय २८ सेंटिमीटरच्या चौकटीत चोथा भरून त्यावर ४५ किलो वजन १० ते १५ मिनिटे ठेवतात आणि मग ती लादी ४ ते ६ अंशांच्या गार पाण्यात दोन-तीन तास बुडवतात. ४५ किलो ऐकून छाती दडपते. पण चौकटीचे क्षेत्रफळ ९८० चौरस सेंटिमीटर आहे; म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ४६ ग्रॅम, एवढाच काय तो दाब. आपला घरचा गोल साचा १२ सेंटिमीटर रुंदीचा असेल तर त्याचे क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर भरते. (रुंदीला रुंदीने गुणावे आणि त्याला ०.७८५ ने गुणावे, की गोल साच्याचे क्षेत्रफळ मिळते.) त्यावर तेवढाच दाब द्यायला ५ किलो २०० ग्रॅम पुरतात. १० सेंटिमीटरच्या साच्याला ३ किलो ६०० ग्रॅम. पाच लिटर गाईच्या दुधाचे पनीर साधारण पाऊण किलो भरते आणि ते १२ सेंटिमीटरच्या साच्यात सहा-सात सेंटिमीटर उंचीपर्यंत येते. म्हणजे पनीरसाठी सासूबाईंचा बाबा आणि सोबत पाण्याची एखादी बाटली, काम संपले. यंत्राची गरज कुठेच आली नाही.

आता चेडरकडे वळू. इंग्रजी पुस्तकांतल्या घरगुती चेडरच्या कृतीत दाब पायरीपायरीने वाढवत शेवटी ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो, अर्धा दिवस ठेवायला सांगतात. तो आकडा दोन पौंड चीजच्या साच्यासाठी असतो आणि तो साचा साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर २२० ग्रॅम, पनीरच्या जवळजवळ पाचपट. हाच दाब १५ सेंटिमीटरच्या साच्यात हवा असेल तर ३९ किलो लागतात. २० सेंटिमीटरच्या साच्यात ६९ किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या दट्ट्यावर रात्रभर बसवावा लागेल! मोठा साचा घेतला म्हणजे मोठे चीज होईल या समजुतीने लोक रुंद साचे घेतात आणि मग यंत्र पुरत नाही म्हणून चीजच्या आत निवळी अडकून राहते. खाणाऱ्याला ते आंबट आणि ठिसूळ लागते. दोष यंत्राला दिला जातो, पण चूक रुंदीची असते. गौडा जातीच्या चीजला दाब याहून पुष्कळ कमी लागतो, म्हणून नवख्याने चेडरऐवजी तिकडे वळलेले बरे.

यावरून दुसरीही एक गोष्ट लक्षात येईल. सुरुवातीलाच पूर्ण दाब देऊ नये. बाहेरचा थर एकदम घट्ट मिटला तर आतल्या निवळीला वाट उरत नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटे हलके वजन, मग चीज काढून उलटे करायचे, फडके नव्याने गुंडाळायचे, वजन वाढवायचे. निवळी थेंबाथेंबाने, हिरवट-पिवळसर आणि स्वच्छ आली तर दाब योग्य. ती दुधाळ पांढरी येऊ लागली तर दुधातला स्निग्धांश वाहून चालला आहे. दाब कमी करावा.

चार प्रकारची साधने

नुसते वजन हा पहिला प्रकार. त्याचा मोठा गुण असा, की चीज खाली बसत गेले तरी वजन तितकेच राहते. पाण्याची बाटली यासाठी फार सोयीची, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. दाब हवा तसा अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढवता येतो. तांदळाची थैली, व्यायामाची लोखंडी तबके हेही चालते. आपल्या बेटावरचे काळे दगड जड असतात खरे, पण पुष्कळांत फुगे असल्यासारखी छिद्रे असतात. म्हणून दगड डोळ्यांनी न जोखता काट्यावर तोलावा, आणि छिद्रांत निवळी शिरून कुजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. वाटणाच्या वरवंट्यालाही तीच पिशवी हवी, नाहीतर पनीरला लसणाचा वास येईल. या प्रकारात उणीव एकच. आठ-दहा किलोंच्या वर मनोरा डळमळू लागतो. दट्ट्या तिरपा झाला की चीज एका बाजूला उंच, एका बाजूला बसके होते, आणि पहाटे तीन वाजता सगळे कोसळले तर घर जागे होते ते वेगळेच.

दुसरा प्रकार तरफेचा. या यंत्रांना डच पद्धतीची यंत्रे म्हणतात; ज्या डचांनी १५९८ साली या बेटाला मॉरिशस हे नाव दिले, तेच ते. एका टोकाला टेकूवर बसवलेला लाकडी दांडा, टेकूजवळ खाली दट्ट्या, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला वजन. माझ्या मते घरात खरोखर चीज करायचे असेल तर यासारखे दुसरे साधन नाही, आणि ते कोणत्याही बऱ्या सुताराकडून करून घेता येते. टेकूपासून दट्ट्या १० सेंटिमीटरवर आणि वजन ५० सेंटिमीटरवर असेल तर वजन पाचपट होते. दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या टांगल्या की ४ किलोंचे २० किलो झाले. शिवाय दांड्याचे स्वतःचे वजनही धरावे लागते, जे लोक विसरतात. ६० सेंटिमीटर लांबीचा, एक किलोचा सरळ दांडा असेल तर त्याचे वजन मध्यावर, म्हणजे ३० सेंटिमीटरवर पडते असे मानायचे. त्याचे ३ किलो. एकूण २३ किलो, चेडरला हवे तेवढेच. चीज बसत गेले तरी दांडा त्याबरोबर खाली येतो आणि दाब फारसा बदलत नाही. रात्री लावून निजावे, सकाळी पाहावे. मात्र दांडा आडवा राहील इतपत उंची जुळवून ठेवावी. फार तिरका झाला की दट्ट्याही तिरका लोटला जातो.

तिसरा प्रकार मळसूत्राचा, म्हणजे आपल्या पितळी सोऱ्यासारखा. मूठ फिरवली की दट्ट्या खाली. दिसायला सुबक, जागा कमी घेणारा. पण यात दाब किती दिला हे कळतच नाही, आणि निवळी निघून चीज अर्धा सेंटिमीटर बसले की दाब जवळजवळ शून्यावर येतो. मग पुन्हा फिरवा, पुन्हा फिरवा. जो माणूस घरी बसून दर दहा मिनिटांनी उठायला तयार आहे त्याने तो घ्यावा. पनीरला वीस मिनिटांचेच काम असते, तिथे तो चालतो. चेडरला नाही.

चौथ्यात मळसूत्राखाली स्प्रिंग असते आणि बाजूला किलोंच्या खुणा. पूर्वीच्याहून हा बरा, कारण चीज बसले तरी स्प्रिंग काही काळ पाठलाग करते. तरीही स्प्रिंग सैल पडली की जोर घटतो. पहिल्या दोन तासांत चार-पाच वेळा खूण पाहून मूठ आवळावी लागते. खरेदी करताना त्या खुणांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. माणसाचे वजन करायचा काटा साच्याच्या जागी ठेवावा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून मूठ फिरवावी, आणि काटा काय सांगतो ते पाहावे. तरफेच्या यंत्राचा हिशेबही असाच तपासता येतो. पाच मिनिटांचे काम आहे, आणि एकदा केले की त्या यंत्राबद्दल पुन्हा शंका राहत नाही.

साच्यावर खर्च करावा

यंत्रापेक्षा साचा आणि दट्ट्या यांवर पैसे घालावेत, असे मी आग्रहाने सांगेन. साच्याच्या भिंती सरळ उभ्या हव्यात. बाजारातल्या पुष्कळ टोपल्या वर रुंद, खाली अरुंद असतात. त्यात दट्ट्या वर सैल राहतो, मग चोथा कडेने वर येतो, आणि खाली गेला की अडकतो. वजन सारे साच्याच्या भिंतींवर, चीज मात्र सैलच. दट्ट्या साच्यापेक्षा सगळीकडून एक-दोन मिलिमीटर लहान असावा, अधिक नाही. भोके तीन मिलिमीटरची, तळाला आणि भिंतींना दोन्हीकडे. घरी पाडायची असतील तर आतून बाहेर पाडावीत, म्हणजे खरखरीत कड बाहेर राहते आणि फडके अडकत नाही.

साचा कशाचा? निवळी आंबट असते आणि वर मीठ. समुद्राकाठच्या हवेने आधीच गंजलेल्या घरात तिला फारशी मेहनत पडत नाही. दुधाच्या पावडरचा रिकामा डबा खिळ्याने भोके पाडून वापरायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. ती सोडून द्यावी. डब्यावरचा कथिलाचा पातळ थर भोकापाशी फाटतो आणि आतले लोखंड गंजू लागते. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. आंबट निवळी दोन्ही खाते. सांडपाण्याच्या नळीचा तुकडा कापून साचा करणारे लोक आहेत, पण ती नळी खाण्याच्या पदार्थासाठी केलेली नसते. स्टेनलेस स्टील उत्तम. प्लास्टिक घ्यायचे तर खाण्याच्या वस्तूंसाठीचेच, तळाला त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असलेले. लाकूड वाईट नाही, युरोपात शतकानुशतके तेच वापरात होते; पण ते कठीण जातीचे, व्हार्निश न लावलेले हवे. जुन्या खोक्यांच्या पाइनला राळेचा वास असतो, आणि वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेले लाकूड तर स्वयंपाकघरात आणूच नये. टोफूसाठी चौकोनी लाकडी साचे मिळतात, ते पनीरला फार छान बसतात आणि तुकडेही सारखे कापता येतात.

फडके घट्ट विणीच्या मलमलीचे घ्यावे. सैल जाळीत चोथा रुततो आणि काढताना साल सोलून निघते. साच्यात घालताना सुरकुत्या ताणून काढाव्यात. एकेका सुरकुतीची चीजवर एकेक घळ उमटते, आणि आपल्या दमट हवेत बुरशी प्रथम त्याच घळीत धरते.

आधी दोन प्रश्न

आता त्या दाबयंत्राच्या मागणीपत्रावर सही करण्याआधी घरात दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, दूध कोणते? आपल्याकडे बहुतेक घरांत पावडरचे किंवा खोक्यातले टिकाऊ दूध येते. लिंबू किंवा व्हिनेगर घालून त्याचे पनीर होते, थोडे मऊ होते इतकेच. परंतु चीजसाठी रेनेट घालून दूध घट्ट जमवावे लागते, आणि खोक्यातले दूध इतके तापवलेले असते की रेनेटने ते नीट जमतच नाही. लिबलिबीत खळ होते. पावडरच्या दुधाचीही बहुधा तीच गत. म्हणजे ताज्या दुधाची खात्री नसेल तर हजारो रुपयांचे यंत्र कपाटावर बसून राहणार. ताजे दूध मिळाले तर ते ६३ अंशांवर ३० मिनिटे तापवून निवू द्यावे, मगच पुढची कृती. कच्च्या दुधाचा मोह धरू नये. रेनेट घेताना वेष्टन वाचावे. वासराच्या जठरापासूनचे आणि शाकाहारी, दोन्ही मिळतात, आणि आपल्या पुष्कळ घरांत हा प्रश्न किलो-सेंटिमीटरांहून मोठा आहे.

दुसरी, चीज राहणार कुठे? दाबून निघालेले चेडर खायला तयार नसते. ते १० ते १३ अंशांवर निदान दोन-तीन महिने मुरावे लागते. पोर्ट लुईत जानेवारीत तसे तपमान कुठून आणणार? नेहमीच्या फ्रिजमध्ये ते फार गार पडते आणि वाळते. त्यासाठी वेगळा, तपमान ठरवता येणारा छोटा फ्रिज हवा, आणि चक्रीवादळात वीज दोन-तीन दिवस गेली तर आतल्या चीजचे काय, तेही आधी ठरवून ठेवावे लागते. ज्याच्याकडे ही सोय नाही त्याने पनीर, हलुमी किंवा आठवड्याभरात खाऊन संपवायचे ताजे चीज करावे. या साऱ्यांना हलका दाब पुरतो, म्हणजे पुन्हा बाटल्याच. नाकापेक्षा मोती जड कशाला?

ऋतूचाही विचार करावा. उन्हाळ्यात चोथा उबदार राहतो, कण लवकर चिकटतात, पण त्याच उबेने आंबटपणाही झपाट्याने वाढतो. कास्कावेलसारख्या उष्ण भागात फेब्रुवारीच्या रात्री चीज बारा तास दाबाखाली ठेवले तर सकाळी ते आंबट निघण्याचाच संभव. क्युरपीप, वाक्वाकडच्या मंडळींना उंचीचा फायदा आहे. बाकीच्यांनी जून ते सप्टेंबर हे महिने धरावेत. तेव्हा उलट काळजी घ्यावी लागते, साचा कोमट पाण्यातून काढून घ्यावा आणि चोथा गार होऊ देऊ नये.

वापर झाल्यावर फडके आणि साचा आधी गार पाण्याने धुवावा. उकळते पाणी प्रथमच घातले तर दुधाचा अंश शिजून विणीत बसतो. गार पाण्याने निघाला की मग दोन्ही उकळून घ्यावे आणि उन्हात पूर्ण वाळवावे. मळसूत्र आणि स्प्रिंग पुसून त्यांना औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या द्रव पॅराफिनचा हात द्यावा. खोबरेल लावले तर ते खवट होऊन पुढच्या चीजला वास मारते. तरफेचा लाकडी दांडा आडवा न ठेवता खुंटीला उभा टांगावा, म्हणजे तो वाकत नाही.